इस्ट्रोजेन सुरू आहे, तरी एफएसएच जास्तच?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पाळी गेल्यानंतरच्या इस्ट्रोजेन उपचारावरील चौकटीतले बरेचसे इशारे काढण्याचे जाहीर केले. ही बातमी बुलडाण्यापर्यंत पोहोचली आणि चौकशी वाढली. मात्र अनेक जणी एफएसएचचा रिपोर्ट पुढे करून विचारतात, "डॉक्टर, गोळी घेते तरी हा आकडा खाली का येत नाही?"

एफएसएच पिट्यूटरी ग्रंथीतून येते. पाळी चालू असताना बीजांडकोशातले इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन तिला आवर घालतात. पाळी गेली की दोन्ही घटतात आणि एफएसएच वाढते. गोळीने इस्ट्रोजेन मिळते, इन्हिबिन नाही. म्हणून आकडा उतरतो, पण सहसा पहिल्यासारखा होत नाही. तो उतरवण्यासाठी डोस वाढवू नका. अंगातून वाफा येणे, रात्रीचा घाम, झोप यांत फरक पडला का, ते पाहायचे. त्यासाठी दर महिन्याला पैसे घालून एफएसएच तपासायची गरजच नाही.

टीएसएचही पिट्यूटरीचेच, आणि ते मात्र तपासावे लागते. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृतात थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते. तुम्ही थायरॉक्सिन घेत असाल तर ते कमी पडून टीएसएच चढू शकते. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी करा. त्वचेवरच्या जेल किंवा पॅचने हा त्रास सहसा होत नाही.

आता 'पिशवी काढलेल्या' बायांचे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले. ऊसतोड कामगार बायांच्या त्या प्रकरणात चर्चा पिशवीचीच झाली; बीजांडकोश राहिले की गेले, हे कितीजणींना सांगितले असेल? दोन्ही गेले असतील तर पस्तिशीतही एफएसएच लगेच चढते आणि हाडे लवकर झिजू लागतात. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देणे योग्य मानतात. तेव्हा डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'ऊफोरेक्टोमी' लिहिले आहे का, ते डॉक्टरांकडून वाचून घ्या.

पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच, नाहीतर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ किंवा कारण न कळलेला रक्तस्राव झाला असेल, तर बातमी वाचून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.