गोठ्यामागचा ट्रॅक्टर हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे

१/ किल्ल्यावर तोफेचा गाडा कुजलेला दिसला की आपण हळहळतो. आजोबांचा ट्रॅक्टर भंगारात जातो, तेव्हा मात्र आपण फक्त किलोचा भाव विचारतो. वारशाने आलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करणे हे इतिहासाचेच काम आहे, असे माझे मत आहे. मात्र ते कोणत्या क्रमाने केले, यावर त्याचे मोल ठरते. #धागा

२/ उदाहरण घेऊ इंटरनॅशनल बी-२७५ चे. हे मॉडेल मूळचे ब्रिटनमधले. ३५ अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन. १९६३ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि हा ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली.

३/ म्हणून पान्याआधी कागद हाती घ्यावेत. अनेकांनी भूविकास बँकेकडे जमीन गहाण ठेवून ट्रॅक्टर घेतला. त्या कर्जाचा बोजा जुन्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सापडतो. घराण्याने कोणती जोखीम पत्करली, हे तिथे कळते.

४/ त्यानंतर छायाचित्रे, तीही धुण्यापूर्वी. चासीचा क्रमांक, रंगाचे थर, वेल्डिंगचे डाग, गावातल्या लोहाराने बसवलेली पट्टी: सारे टिपून ठेवावे. प्रेशर वॉशरच्या एका फवाऱ्याने यातले बरेच पुसले जाते.

५/ आता इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला धरतात. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याचा मोह आवरावा. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नोझल काढून सिलिंडरांत डिझेल व ऑइलचे मिश्रण सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हातानेच हळूहळू फिरवून पाहावे.

६/ डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. नळीत हवा राहिली तर तीच दाबली जाते आणि नोझल उघडत नाही. म्हणून टाकी धुणे, फिल्टर बदलणे, हवा काढणे, हा क्रम. पंपाची रॅक अडकलेली असेल तर इंजिन बेफाम वेग घेते. पहिल्यांदा चालू करताना हवेची वाट बंद करण्याची सोय आणि जाणता मिस्त्री, दोन्ही जवळ हवेत.

७/ आक्षेप असा: भाग बदलले की पुरावा नष्ट होतो. हे अर्धेच खरे आहे. सील, होज, फिल्टर हे आजोबांच्या काळीही बदलले जातच होते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपला की प्रश्न बराचसा सुटतो. माझा खरा विरोध आहे तो चकचकीत नव्या रंगाला. त्याखाली गाडलेला मूळ थर परत मिळत नाही.

८/ सर्वांत नाजूक पुरावा लोखंडाचा नाही. आरसी बुकावर मालकाचे नाव असते. तो चालवणाऱ्याचे नसते. ट्रॅक्टर आला तेव्हा एखादा सालगडी ड्रायव्हर झाला, तर बैलांबरोबर दुसऱ्याचे कामही गेले. दोघांच्याही आठवणी आपल्या घराच्या वारशात मोडतात, जरी त्या आपल्याला अडचणीच्या वाटल्या तरी.

९/ लोखंड आणखी दहा वर्षे वाट पाहू शकेल. ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून इंजिन उघडण्याआधी त्यांच्या घरी जा, त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. आणि ट्रॅक्टर चालू झाला, की प्रकृती साथ देत असेल तर त्या जुन्या ड्रायव्हरला पहिल्यांदा सीटवर बसवा.