गोराईची बोट आणि सगळ्यांत लहान चक्र

परवा रविवारी गोराई गावात गेलो होतो. गप्पांत वेळ गेला आणि बोरिवलीची शेवटची बोट चुकली. खाडीपलीकडे आमच्या बाजूचे दिवे दिसतायत, आणि मी उत्तन, भाईंदर, दहिसर असा वळसा घेत घरी! दीड तास मोडला. वाटेत कॉलेजातली ग्राफ थिअरी आठवली.

कागदावर ४ ठिपके काढा: बोरिवली, गोराई, उत्तन, भाईंदर. एक रेघ बोटीची, तीन रस्त्यांच्या. झालं ४ रेघांचं चक्र. मनोरी-मार्वे बोट धरून मालाडवरून आलात तर दुसरं चक्र, ५ रेघांचं. ग्राफमधल्या सगळ्यांत लहान चक्राच्या लांबीला गर्थ म्हणतात. आपला गर्थ ४. त्यातली एक रेघ तुटली तरी उरलेल्या तिन्हींवरून पोचता येतं. अर्थात गर्थ रेघा मोजतो, मिनिटं नाही. माझा दीड तास त्याच्या हिशेबात नाही!

आता रात्र झाली, दोन्ही बोटी पुसा. एकही चक्र उरत नाही. अशा ग्राफचा गर्थ अनंत मानतात. ऐकायला भारी, राहायला वाईट. आणि गंमत म्हणजे, जी रेघ पुसली की ग्राफचे दोन तुकडे होतात तिला गणितात 'ब्रिज' म्हणतात. उत्तनचा रस्ता रात्री नेमका तसा होतो. मला नुसता उशीर झाला. पण मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईचं काय?

मोठा गर्थ नेहमी वाईटच असतो असं नाही हं. रॉबर्ट गॅलेजर यांनी १९६०च्या सुमारास मांडलेले चूक सुधारणारे एलडीपीसी कोड आज ५जीमध्ये वापरतात. तिथे लहान चक्रं नकोशी असतात, कारण चुकीचा अंदाज अफवेसारखा फिरून लगेच स्वतःकडेच येतो आणि खरा वाटायला लागतो. संदेशाला लांब चक्र मानवतं, माणसाला जवळचं लागतं.

खाडीवर पूल हवा का नको, यावर वाद घालणारे घालोत. माझं म्हणणं एवढंच, की पूल झाला तरी बोट बंद करू नका. बोट काढून पूल दिला तर एका रेघेच्या जागी एकच रेघ आली. दोन्ही ठेवा, म्हणजे बोरिवली-गोराईमध्ये दोन रेघा, चक्र २चं. एक तुटली तर दुसरी शेजारीच.

आणि तोवर? शेवटची बोट जरा उशिरा सोडा राव!