ढील द्या, ढील!

आपल्याकडे घट्टपणाची एक जुनी उपासना आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट, लेंग्याची नाडी घट्ट आणि मोटारसायकलची चेन? ती तर तंबोऱ्याच्या तारेसारखी! बरणी आणि नाडी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण चेनच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही, कारण त्या घट्टपणाचे बिल मी भरले आहे.

झाले असे. खड्ड्यातून जाताना माझ्या गाडीची चेन कव्हरवर खडखड वाजायची. शेजारी म्हणाले, "ढिली झालीय. कसून घ्या." मी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर पिळले, चाक मागे ओढले आणि चेनला बोट लावून म्हणाला, "बघा काका, हलत पण नाही!" मी खूश. वर चहाला वीस रुपये दिले.

मूर्खपणाला बक्षीस देण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. सर्वांत महाग मात्र हीच ठरली. दोन महिन्यांत इंजिनातून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. पुढचे चक्र ज्या शाफ्टवर बसते, त्याचे बेअरिंग गेले होते. त्यासाठी अख्खे इंजिन उघडले. आकडा सांगत नाही. हा लेख घरीही वाचला जातो.

अहो, चेनला ढील लागतेच! रिकामी गाडी स्टँडवर असते तेव्हा चेन सैल दिसते. मग मी बसतो, मागे सौभाग्यवती बसते आणि मध्ये दहा किलो गव्हाचे पीठ. शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबतात, मागचे चाक वर येते आणि दोन चक्रांमधले अंतर वाढते. स्टँडवर जी हलतसुद्धा नव्हती, त्या चेनने ही जास्तीची लांबी आणायची कुठून? मग ती बेअरिंगे ओढत बसते.

ढील किती? साधारण छोट्या गाडीला मधोमध वर-खाली मिळून 20 ते 30 मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, म्हणजे जी आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी काढलेलीच नसते तिच्यात. चाक फिरवत चार ठिकाणी बघायचे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथे मोजायचे. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरके बसते. शेवटी नट आवळायचा (इथे मात्र हवा तेवढा घट्टपणा दाखवा!) आणि मागचा ब्रेक तपासायचा, कारण चाक सरकले की त्याचाही हिशेब सरकतो.

"आणि चेन उतरली म्हणजे?" घट्ट संप्रदायाचा हा ठरलेला प्रश्न. बरोबर आहे. फार सैल चेन उतरते, चाकात अडकली तर माणसाला पाडते. म्हणून तर आकडा दिलाय! ढील म्हणजे ढिलाई नव्हे. संक्रांतीला गच्चीवर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

1880 साली हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले. कडी न् कडी मोकळी वळावी, म्हणून त्या गृहस्थाने डोके चालवले. तिला जखडून टाकायचा अधिकार आमच्या मिस्त्रीला दिला कुणी?

मीच दिला. "कसून घे" असे मीच म्हणालो होतो ना!

आता मी खिशात पट्टी घेऊन गॅरेजात जातो. तिथली पोरे मला 'ढिले काका' म्हणतात. म्हणोत बापडी. परवा तोच मिस्त्री एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "एवढी नाही कसत साहेब, बेअरिंग जातं." माझा ऊर भरून आला. तेवढ्यात गिऱ्हाईक गरजले, "पैसे मी देतोय ना? कस!"

मी खिशातून पट्टी काढली.