गोलंदाजाच्या देहाचा घसारा

जानेवारी २०२५ मधील सिडनी कसोटीच्या अखेरच्या डावात जसप्रीत बुमराह गोलंदाजीस उतरूच शकला नाही. त्या मालिकेत दीडशेहून अधिक षटके टाकून त्याने ३२ बळी मिळविले होते. अखेर पाठीने साथ सोडली. भारताने सामना व मालिका दोन्ही गमावली, आणि चॅम्पियन्स चषकासही बुमराहला मुकावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तो पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार असे ठरले, तेव्हा मात्र 'देशासाठी खेळताना विश्रांती कसली?' असा सूर उमटला.

हा सूर भावनेला पटला तरी हिशेबाला पटणारा नाही. शहाणा कारखानदार यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद आधीच करतो. देह तर यंत्राहून उदार आहे. उसंत मिळाल्यास तो झीज भरून काढतो आणि पूर्वीपेक्षा बळकट होतो. परंतु स्नायूंचा शिणवटा काही दिवसांत ओसरतो, तर हाडांतील सूक्ष्म इजा भरून येण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात. म्हणूनच गोलंदाजास ताजेतवाने वाटत असतानाही त्याच्या कमरेच्या मणक्यावरील इजा साचत राहते.

याच मालिकेत मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळला, त्याने २३ बळी घेतले आणि ओव्हलवर भारताने ६ धावांनी विजय मिळविला, हे खरे. पण त्यावरून विश्रांती निरर्थक ठरत नाही. २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या बुमराहला सिराजचे माप लावणे अन्यायाचे होय. विश्रांतीचे प्रमाण व्यक्तीगणिक ठरले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

खरी चिंता आहे ती अनाम मुलांची. बुमराहच्या दिमतीला तज्ज्ञ आहेत. पण आज शाळेसाठी, उद्या क्लबसाठी, परवा निवड चाचणीत धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या षटकांची बेरीज कोण ठेवतो? लाभ तीन संघांना, झीज एकट्याची! आणि 'दमलो' म्हटले तर संघातील जागा जाण्याची भीती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तरुण जलदगती गोलंदाजांसाठी वयानुसार षटकांच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. तशी शिस्त आपल्या शाळा-महाविद्यालयांनीही पाळावी. त्यासाठी मोठा निधी नको. मुलाबरोबर प्रत्येक संघात फिरणारी एक वही आणि ती वाचून 'आज पुरे' म्हणण्याचे धैर्य असलेला शिक्षक, एवढे पुरेसे आहे.

विश्रांती म्हणजे आळस नव्हे; ती उद्याच्या श्रमांची बचत आहे.