साथीला कोण होतं?

यंदाचा अंक गाण्यावर पोट असणाऱ्यांचा आहे आणि त्यात साथीदारांना आम्ही मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. दिवाळी पहाटेला तुम्ही जाल तेव्हा गायकाचं नाव घरूनच ठाऊक असेल. पेटी-तबल्यावर कोण, हे निवेदक सांगेल तेव्हा. आणि मागे तानपुरा धरून बसलेल्या मुलीचं नाव बहुधा शेवटपर्यंत कळणार नाही.

तबलजीचंच घ्या. सकाळी बाईंची पट्टी काळी चार, संध्याकाळी बुवांची काळी एक. म्हणजे दोन तबले, डग्गा, हातोडी, सगळं खांद्याला. मंचावरच्या दिव्यांनी पुडी चढते. मग ठेका न सोडता, गायकानं सूर लांबवला की तेवढ्या सवडीत, गजऱ्याला खालून हलका ठोका द्यायचा. श्रोत्यांना ते दिसू नये यातच कसब.

पेटीवाल्यांनी तर याहून कडू दिवस पाहिले. श्रुती नीट लागत नाहीत, या आक्षेपापायी आकाशवाणीनं 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते 1971पर्यंत. गंमत अशी, की त्याच काळात महाराष्ट्रातली मैफल पेटीशिवाय हलत नव्हती. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावं जाणकारांच्या तोंडी आहेत. त्यांच्यामागच्या शेकडोंची कुठं नोंदही नाही.

मैफलींचा हंगाम दिवाळीपासून उन्हं तापेपर्यंतचा. डिसेंबरात पुण्याचा ‘सवाई’, आगेमागे गावोगावचे महोत्सव. एरवी शिकवण्या, गांधर्व मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवणं, आणि हल्ली भल्या पहाटे अमेरिकेतल्या शिष्यांसाठी लॅपटॉपसमोर बसणं. दरबार गेले, तिकीट आलं, तिकिटामागून प्रायोजक आला. साथीदाराचा आकडा मात्र आजही कित्येकदा कार्यक्रम उरकल्यावर पाकीट उघडल्यावरच कळतो. आधी विचारलं तर ‘कलेचा व्यवहार करतो’ असा शिक्का. मांडववाल्याला, ध्वनिवाल्याला हे कुणी ऐकवत नाही. (दिवाळी अंकानं मानधनाच्या गोष्टी कराव्यात, हे वाचून आमचे काही लेखक हसतील, हसोत बापडे.)

आयोजकांना आमचं सांगणं एवढंच: तारीख घेतानाच साथीदाराशी आकडा बोला, पत्रिकेत त्याचं आणि तानपुऱ्यावाल्यांचंही नाव छापा. वाचकहो, पत्रिकेत ते दिसलं नाही, तर मध्यंतरात आयोजकांना विचारा.