मनगटावरचं घड्याळ आणि कुलूपबंद पोथी

नागपूर, चंदीगड, पंचकुला. या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकांनी घड्याळं बांधली. वेळ बघायला नव्हे. आत जीपीएस. झाडूवाली कुठल्या गल्लीत आहे, किती वेळ थांबली, हे साहेबाला खुर्चीत बसून दिसावं म्हणून. लघवीला आडोसा शोधला तरी घड्याळ साक्षीदार. असं घड्याळ आयुक्ताच्या मनगटावर का नाही? ते बांधलं ज्यांच्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला खराटा होता, त्यांच्याच लेकरांना. मडकं गेलं, घड्याळ आलं. हद्द तीच.

आम्ही गोदीत काम करतो. पूर्वी हजेरी मुकादमाच्या वहीत असायची. मुकादम हरामी असला तरी वही डोळ्यांना दिसायची. 'मंगळवारी मी पाळीवर होतो, खाडा कसा मांडला?' म्हणून त्याची गचांडी धरता यायची. आता अंगठा मशीनवर. ओझी उचलून अंगठ्याच्या रेषा झिजल्या, मशीन ओळखत नाही. गेला रोज! कुणाला विचारायचं? बाबू म्हणतो, 'सिस्टीममध्ये नाही.'

ही सिस्टीम आभाळातून पडली काय? माणसांनीच लिहिलेले नियम ते. त्यालाच कोड म्हणतात. तो कंपनीनं कुलूपबंद केलेला. आपली काय काय माहिती गोळा होते, कुठं जाते, कुणाला विकली जाते, ते त्यात लिहिलेलं आणि तेच आपण वाचायचं नाही. वाचायला बंदी असलेली पोथी आपल्याला नवी नाही, दोस्तांनो. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. आत काय लिहिलंय ते वाचलं होतं, म्हणून जाळली. न वाचलेल्या पोथीशी लढायचं कसं?

1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं हाच सवाल केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तिचे चार हक्क साधे आहेत. सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरायचं. आतला कोड वाचायचा आणि बदलायचा. दुसऱ्याला द्यायचं. आपण सुधारलेलं वाटायचं. इंग्रजीत फ्री म्हटलं की घोटाळा होतो, पण आपल्या भाषेत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत. फेसबुक फुकट आहे, मुक्त नाही. तिथं माल आपणच!

वाचता आलं की काय होतं? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आरोग्य सेतू आलं. 1 मेच्या सरकारी आदेशानं ते नोकरदारांवर सक्तीचं झालं. कामगार दिनाची भेट! लोकांनी ओरड केली, कोड दाखवा. 26 मे ला अँड्रॉइड ॲपचा कोड उघडावा लागला. पण माहिती जिथं जमा होते त्या सर्व्हरचा कोड तेव्हा बंदच ठेवला. म्हणजे दार उघडलं, तिजोरी नाही. तरी दार उघडलं ते ओरडण्यानं, हे विसरू नका.

एक खोटं मात्र आम्ही सांगणार नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ताईत नव्हे. भीमा कोरेगाव प्रकरणातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसून कागद पेरले गेले, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं 2021 साली दिला. घुसखोरी ईमेलमधल्या एका फाइलवाटे झाली. अशी फाइल उघडणाऱ्या हाताला लिनक्स काय वाचवणार? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. मग 2023 चा माहिती संरक्षण कायदा आला. त्यानं सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची मुभा दिली. कायद्यानं दिलेलं कायदाच काढून घेतो. कोड वाचता येणं ही लढाईची सुरुवात आहे, शेवट नाही.

तेव्हा करायचं काय? मोर्चाचं बोलणं सिग्नलवर करा, त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. अनोळखी फाइल उघडू नका. वस्तीतल्या वाचनालयात धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, पोरापोरींना शिकवा. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात, आपली का नाही? आणि ठणकावून मागा: आमच्या करातून घेतलेल्या प्रत्येक हजेरी-मशीनचा, प्रत्येक घड्याळाचा कोड खुला करा. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण केंद्रानं 2015 सालीच कागदावर मांडलंय. तो कागद घेऊन महापालिकेच्या दारात बसा.

आमच्यातले मॅट्रिक झालेले म्हणतील, कोड आपल्याला कुठं कळतो? आम्हीही मॅट्रिकच आहोत. आपल्या आज्यांना अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी पोरं शाळेत घातली. आज वस्तीत एकाला कोड वाचता आला तरी उद्या बाबूला 'सिस्टीममध्ये नाही' म्हणताना जीभ अडखळेल.

शिका. पोथी उघडा. मग ठरवू, ठेवायची की जाळायची.

जय भीम!