थांबलेली गाडी आधी दिसली पाहिजे

मोटारीत ठेवायच्या आपत्कालीन साहित्याचा विचार बहुधा दुरुस्तीच्या अंगाने केला जातो, त्यामुळे जॅक, पाना आणि स्टेपनी जागेवर असली की तयारी पूर्ण झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात द्रुतगती मार्गावर किंवा घाटातल्या वळणावर बंद पडलेल्या गाडीला बिघाडापेक्षा मागून वेगाने येणाऱ्या वाहनाचा धोका अधिक असतो. म्हणून गाडी आणि तिच्यातली माणसे दुरून दिसावीत, हे या साहित्याचे पहिले काम ठरते.

ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. पुढे काहीतरी उभे आहे हे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी 50 ते 60 मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर शंभर मीटरच्या घरात जाते आणि पावसात ते बरेच वाढते. त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर परावर्तक त्रिकोण, म्हणजे दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परत फेकणारा लाल फलक, गाडीला खेटून ठेवण्यात काही अर्थ नसतो. तो निदान शंभर मीटर मागे असावा, आणि घाटात वळणाच्या अलीकडे, जेणेकरून वळण घेण्यापूर्वीच तो चालकाच्या नजरेस पडेल. तो ठेवायला जाताना उघडलेला त्रिकोण येणाऱ्या वाहनांकडे धरून, शक्य तेथे कठड्याच्या बाहेरून चालावे, आणि बाकीच्यांनी गाडीत बसून न राहता डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे थांबावे. अनेक ट्रकचालक त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाची फांदी मांडतात. त्यामागची काळजी खरी असते, पण अंधारात दगड चमकत नाही आणि ट्रक निघून गेल्यावर तेथेच राहिलेला तो दगड एखाद्या दुचाकीस्वाराचा काळ ठरू शकतो.

फ्रान्समध्ये 2008 पासून मोटारीत त्रिकोणासोबत परावर्तक जाकीटही सक्तीचे आहे, आणि ते डिकीत नव्हे तर आसनांजवळ ठेवावे लागते, कारण ते उतरण्यापूर्वी अंगात चढवायचे असते. हा तपशील फार मोलाचा आहे, कारण कोणती वस्तू किती घाईने लागेल यावरूनच तिची जागा ठरली पाहिजे. सहलीच्या बॅगांखाली दबलेला त्रिकोण ऐन वेळी नसल्यातच जमा असतो.

काच फोडण्याच्या हातोडीबाबत तर हे अधिकच खरे आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात अडकलेल्या मोटारींमध्ये काही जण गुदमरून मरण पावले. पाण्यामुळे विद्युतयंत्रणा बंद पडली की खिडक्या खाली येत नाहीत आणि बाहेरच्या दाबामुळे दारही उघडत नाही. अशा वेळी डिकीतली हातोडी निरुपयोगी असते, ती चालकाच्या हाताशीच हवी. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्याजवळ घालावा, कारण समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असल्याने तडकली तरी निखळत नाही. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात, हे आधीच तपासून घ्यावे.

बाकीचे साहित्य परिचित आहे: विजेरी, प्रथमोपचार पेटी, हवा भरण्याचा छोटा पंप, बॅटरीच्या जोडतारा, पिण्याचे पाणी, आणि उतारावर चाक घरंगळू नये म्हणून त्याखाली लावायची उटी. स्टेपनीची मात्र खात्री करून घ्यावी, कारण ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या मोटारींना 2020 च्या नियमदुरुस्तीने स्टेपनीतून सूट दिली आहे, आणि टायरची बाजू फाटली तर त्या साहित्याचा उपयोग होत नाही. 112 आणि राष्ट्रीय महामार्गांसाठीचा 1033 हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. मदत मागताना जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि प्रवासाची दिशा सांगितली, तर शोधात वेळ जात नाही.

नवी मोटार ताब्यात देताना विक्रेता त्रिकोण दाखवतो, पण तो उघडून उभा करण्याचा सराव ग्राहकाकडून करून घेत नाही. तो सराव करून घेणे आणि सोबत किमान दोन परावर्तक जाकिटे देणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले पाहिजे. मोटारीच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.